अर्धा धवला

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

नाव घेत नाही. तुमच्या खुर्चीला नाव लागत नाही. आज तुम्ही आहात, उद्या दुसरा बसेल आणि तोही हेच लिहील. ‘इयत्ता सातवीची विद्यार्थिनी बाकावरून पडली व तिच्या डाव्या कानास इजा झाली.’ पोरीसाठी एक ओळ, खाली सही. वर्गात बेचाळीस पोरं होती. बेचाळीस जोडी डोळे सोडून तुम्ही साक्षीला बाक बोलावलात. बाक काय बोलणार?

म्हणून ही गोष्ट. ती आहे अस्मिताबाईंची. त्यांनी काय केलं ते यात आहे आणि काय केलं नाही तेही आहे. झाकायची सवय तुम्हाला, मला नाही.

अस्मिताबाई अंबरनाथच्या. वडील शंकरराव कारखान्यात फिटर होते, आता रिटायर. बाई रोज स्कूटीवरून बदलापूरला कात्रपच्या शाळेत यायच्या. सेमी-इंग्लिश शाळा. विषय मराठी, वर्ग सातवी ब. पुढच्या बाकांवर कात्रपच्या फ्लॅटमधली पोरं. मागच्या बाकांवर जांभूळ गावातली आगऱ्यांची पोरं, आणि ज्यांच्या आया उल्हासनगरहून जीन्सचे गठ्ठे आणून घरी धागे कापतात ती पोरं. कुणी बसवलं नव्हतं तसं. पाणी जसं आपोआप खाली जातं, तशी ती मागं गेली होती.

शाळेत पाटी होती: ‘शुद्ध बोला, नाहीतर गप्प बसा.’ मागचे बाक गप्प बसायचे.

आणि शाळेत बडे सर होते. मुख्याध्यापक. पोरं त्यांच्या हाताला ‘रिमोट’ म्हणायची, कारण एक लागला की डोक्यातलं चॅनेल बदलतं. कुणी ‘मना नाय येत’ म्हटलं की रिमोट. ‘पानी पिऊ?’ म्हटलं की रिमोट. पालकसभेत आईबापच उठून म्हणायचे, “सर, मारा बिनधास्त. हाडं आमची, मांस तुमचं.” टाळ्या पडायच्या. साहेब, हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. स्वतःच्या पोराच्या मांसावर माणसं टाळ्या वाजवतात.

अस्मिताबाईंच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे. त्या सातवीत होत्या तेव्हा मास्तरांनी विचारलं होतं, घरचा मोठा सण कोणता? त्यांनी उभं राहून सांगितलं, चौदा एप्रिल. आई पांढरं पातळ नेसते, आम्ही निळे झेंडे लावतो, खीर करतो. मास्तर म्हणाले, “हा सण नसतो.” आणि डस्टरची लाकडी कड बोटांवर बसली. करंगळी तेव्हापासून तशी. बाई फळ्यावर लिहिताना ती वेगळीच उभी राहते, जणू अजून हात वर करून उत्तर सांगतेय.

त्या बोटामुळंच त्यांनी शुक्रवार सुरू केला. शेवटचा तास. ‘पुस्तकात नाही ते घरून आणा.’ वस्तू नाही, विद्या आणा.

पहिले दोन शुक्रवार कुणीच काही आणलं नाही. तिसऱ्याला विक्रांत उठला. “बाई, माझी आई रखमा. ती एका मिनटात पॅन्टीचे सगळे धागे कापते. कैची फिरते पण कपड्याला लागत नाय. दिखाऊ?” त्यानं घरची कैची आणि गठ्ठ्यातल्या फुकट गेलेल्या पॅन्टी आणल्या होत्या. पुढच्या बाकांवरच्या पोरांनी प्रयत्न केला आणि चार पॅन्टी भोसकल्या. वर्ग हसून लोळला. “अरे काय डॉक्टर बनणार तुम्ही,” विक्रांत म्हणाला, “पेशंट पहिल्या टाक्याला जाईल!” त्या दिवशी मागचा बाक पहिल्यांदा पुढं आला.

आणि मग जिज्ञासा बोलली. जांभूळची. बाप धर्मेश, जमिनीच्या सौद्यात हात असलेला, गळ्यात साखळी, दारात मोठी गाडी. घरी त्यानं फर्मान काढलेलं: आगरी बोलायचं नाही, पोरगी गावठी राहील. शाळेत आगरी बोललं की रिमोट, घरी बोललं की बापाचा पट्टा. पोरगी वर्षभर मुकी होती. बाईंना वाटायचं, तिला बोलताच येत नसेल.

“बाई,” ती त्या दिवशी म्हणाली, “माझी आजी धवलारीण हाय.”

पुढच्या शुक्रवारी मोतीबाई आली. गुडघ्यावर लुगडं, नाकात नथनी, हातात पिशवी. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवला म्हणतात. लांबलचक गाणं, आणि ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. तिच्याशिवाय लग्न लागत नाही. धवला कुठं लिहिलेला नाही. आजी म्हणते, नात ऐकते. कानानं घ्यायची विद्या. मोतीबाईनं जिज्ञासाला घेतलं होतं चार वर्षांपासून, चोरून, बाप घरात नसताना.

“बाई, नीट आयका,” मोतीबाईनं वर्गाला नियम सांगितला. “दिवा नाय त धवला नाय. हलद नाय त धवला नाय. आन एकदा लावला त अर्धा सोराचा नाय. घरान आग लागली तरी नाय. सोरला त नवरीचा संसार अर्धा.”

“आजी, पण नवरी कुठाय?” कुणीतरी ओरडलं.

“मी बनवतो ना,” विक्रांत म्हणाला. “घरी चिंध्या पोत्यानं पडल्यात.”

त्यानं जीन्सच्या चिंध्यांची बाहुली केली. मोतीबाईनं ती उलटीपालटी करून पाहिली आणि पोट धरून हसली. “आमचे टायमाला नवरीला लुगरा मिलताना मारामार! हिला जीन्स!”

ठरलं. पुढच्या शुक्रवारी जिज्ञासा स्वतः धवला म्हणणार, पहिल्यांदाच, आणि वर्ग मागून एकेक ओळ झेलणार. नियम सगळ्या पोरांनी ऐकला होता. बाईंनीही ऐकला होता. पण बाईंनी तो गोष्टीसारखा ऐकला. पोरीनं तो आजीच्या शपथेसारखा ऐकला. तिथंच चुकलं.

तो शुक्रवार. बाक भिंतीला सरकवलेले. मधे तांदळाचा चौक, त्यावर पाट, पाटावर जीन्सची नवरी, बाजूला समई. जिज्ञासाच्या दोन्ही गालांवर हळद. ती बसली, डोळे मिटले आणि सुरू झाली. वर्षभर मुक्या पोरीच्या गळ्यातून जो आवाज निघाला, तो ऐकून बाई खडू हातात घेऊन तिथंच उभ्या राहिल्या. पोरं झेलत होती. कात्रपच्या फ्लॅटमधली पोरंही, उच्चार चुकवत, पण मनापासून.

नेमके त्याच वेळी बडे सर नव्या ॲडमिशनच्या पालकांना शाळा दाखवत फिरत होते.

दार उघडलं. “हे काय? शाळा आहे की गोंधळ घातलाय?” मागे सेंटचा वास, आणि दोन पालकांचं दबलेलं हसू. “बंद कर.”

पोरं गप्प झाली. जिज्ञासा नाही.

“एऽ, ऐकू येत नाही का? बंद!”

ती म्हणतच राहिली. आवाज थरथरला, पण तुटला नाही. आणि अस्मिताबाई, ज्यांनी हे सगळं मांडलं होतं, त्या म्हणाल्या, “जिज्ञासा, थांब गं.”

पोरीनं डोळे उघडले. बाईंकडे पाहिलं. मान हलवली, नाही. अर्धा सोडायचा नाही, हे बाईंना माहीत आहे ना? मग बाई असं कसं म्हणतात? एवढंच त्या डोळ्यांत होतं. आणि पुढची ओळ.

पहिली थप्पड. डाव्या कानावर, पसरलेल्या पंजानं. समईची ज्योत हलली. ओळ अडखळली, पुन्हा लागली.

दुसरी. त्याच कानावर. हळद उडाली. ओठ दातांत सापडला, रक्त हनुवटीवर आलं, आणि रक्तासकट पुढची ओळ.

“माजली आहेस! पाहुण्यांसमोर उलट!” तिसरी. उलट्या हातानं, अंगठीसकट, हात खांद्यामागून आणून. पोरगी उडाली. भिंतीजवळच्या बाकाच्या कोपऱ्यावर डोकं आपटलं आणि ती चौकात आडवी झाली. तांदूळ लाल झाले.

पडली हे खरं आहे, साहेब. तेवढं खरं तुम्ही उचललंत आणि तीन थपडा तिथंच जमिनीवर ठेवल्यात.

बडे सरांच्या तळहाताला हळद लागली होती. त्यांनी पाटावरची नवरी उचलली, तिला हात पुसले आणि कोपऱ्यात भिरकावली. “साफ करा हे,” म्हणाले आणि पालकांना घेऊन पुढं गेले. कॉम्प्युटर लॅब दाखवायची होती.

आणि अस्मिताबाई? चार पावलांवर होत्या. चार. पहिल्या आणि तिसऱ्या थपडेच्या मधे माणूस चार पावलं चालू शकतो. त्या हलल्या नाहीत. हातातल्या खडूचा चुरा झाला. पहिली थप्पड वाजली तेव्हा वर्गात बत्तीस वर्षांची शिक्षिका उभी नव्हती. बोटं पुढं करून सातवीतली पोर उभी होती. हे कारण आहे. माफी नाही.

रिक्षात पोरीचं डोकं बाईंच्या मांडीवर. कानातून रक्ताची बारीक धार, हळदीतून वाट काढत. जिज्ञासा एवढंच म्हणाली, “बाई, दोन कडवी राहिली.”

डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली. पडदा फाटलाय. आतली नसही दुखावलीय. डाव्या कानाचं ऐकणं परत येईल असं मी सांगत नाही, म्हणाले.

धर्मेश आला तो आगीसारखा. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये त्याला आधी अस्मिताबाई दिसल्या. त्यानं त्यांची वेणी धरली, मनगटाला गुंडाळली आणि भिंतीवर डोकं आपटलं. “तूच बोललीस ना गा म्हणून! माझे पोरीला नाचवलीस! सरांनी मारली ती तुझे पायी!” दुसऱ्यांदा आपटणार तेवढ्यात त्याच्याच पाठीत काठी बसली. मग खांद्यावर. मग कोपरावर.

मोतीबाई. मायनं लेकाला हात सुटेपर्यंत झोडला.

“सोर तिला! मुरद्या, मीटिंगान कोन बोलला? हारा आमची, मास तुमचा! तूच ना? मोठे मानसांचे समोर! घे आथा. मास त्यानं खाल्ला. तू हारा मोज बसून!”

धर्मेश कोपर धरून खाली बसला आणि ओरडला, गुरासारखा, शब्द नसलेला. मग उठला, भावांना फोन केले.

सोमवारी ते स्टंप घेऊन शाळेत घुसले. ऑफिसच्या काचा, ट्रॉफ्यांचं कपाट, कॉम्प्युटर. वॉचमनचं नाक फोडलं. बडे सरांना टेबलाखालून पाय धरून ओढलं आणि त्यांचा उजवा हात, तोच हात, दाराच्या चौकटीत ठेवून दार लावलं. दोनदा. बोटांचा आवाज वरच्या मजल्यावर सातवी ब पर्यंत ऐकू आला. पोरांनी कान झाकले. बाईंना एक क्षण बरं वाटलं. एकच क्षण, पण वाटलं. आणि मग त्यांनी पोरांचे चेहरे पाहिले. विक्रांत ओकत होता.

दोन्ही बाजूंनी पोलीस केस. मग दोन्ही बाजूंची मोठी माणसं बसली. इकडे म्हणतात तशी मांडवली झाली. तुम्ही आमच्या हाताची तक्रार मागं घ्या, आम्ही तुमच्या पोरीच्या कानाची घेतो. कान आणि हात, फिटंफाट. बाप्यांनी बाप्यांना मारलं, बाप्यांनी बाप्यांना माफ केलं, चहा झाला. फक्त ज्या कानावरून हे सगळं सुरू झालं, तो कान त्या खोलीत नव्हता.

पण दवाखान्यातून कागद वर गेला होता, म्हणून शिक्षणखात्याची चौकशी आली. म्हणजे तुम्ही आलात, साहेब. आणि तुमच्या आधी अस्मिताबाईंच्या टेबलावर टाईप केलेला जबाब आला. ‘मी पाहिले की विद्यार्थिनी बाकावर चढली असता पडली.’ खाली सहीची जागा. क्लार्क म्हणाला, “मॅडम, सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका. आणि तुमच्यावर वर्गात अंधश्रद्धा पसरवल्याचं निघेल, ते वेगळं.”

बाईंनी तो कागद घरी नेला. शंकररावांनी चष्मा लावून दोनदा वाचला. सही कर म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. “करंगळी दे बघू,” म्हणाले. ती वाकडी करंगळी त्यांनी आपल्या मुठीत धरली.

“तुला हे झालं ना, तेव्हा मी शाळेत गेलो होतो,” ते म्हणाले.

“मला माहीत नाही.”

“सांगितलं नाही कधी. भांडायला म्हणून गेलो. मास्तर खुर्चीत बसले होते. मी नमस्कार केला, म्हणालो, पोरगी द्वाड आहे, लक्ष ठेवा. आणि आलो.” ते खाली बघत म्हणाले, “ते बोट मास्तरनं नाही वाकवलं, अस्मिता. मास्तरनं मोडलं. वाकडं मी बसवलं.”

चौकशीच्या दिवशी ऑफिसला नवी काच होती. तुम्ही मधल्या खुर्चीत. डाव्या हाताला बडे सर, उजव्या पंजाला प्लास्टर. समोर धर्मेश आणि त्याची माय, आणि टेबलाच्या कडेला खिडकीकडे तोंड करून जिज्ञासा, कानावर पट्टी. दाराशी अस्मिताबाई.

आठवतंय ना? तुम्ही बाईंना पहिला प्रश्न हा विचारलात: “तुम्ही बौद्ध ना? मग वर्गात हळद, दिवा, तांदूळ हे काय प्रकरण?”

“पोरीच्या घरी जे आहे ते वर्गात आलं, साहेब. माझ्या घरी जे होतं ते माझ्या वर्गात कधी येऊ दिलं नाही. म्हणून.”

“भाषण नको. जबाब कुठाय?”

बाईंनी पर्समधून टाईप केलेला कागद काढला. मागच्या कोऱ्या बाजूला हातानं लिहिलेलं होतं. त्यांनी ते वाचायला सुरुवात केली. “बडे सरांनी माझ्यासमोर तिला तीन थपडा मारल्या. तिसऱ्या थपडेनं ती पडली. मी चार पावलांवर होते आणि मध्ये पडले नाही. मी तिला थांब म्हणाले...”

“पुरे,” तुम्ही म्हणालात. आणि पोरीकडे वळलात. गोड आवाज काढलात. “बाळ, तू बाकावरून पडलीस ना?”

पोरगी तुमच्याकडे बघतही नव्हती. खिडकीबाहेर बघत होती. तुम्ही तिच्या डाव्या बाजूला बसला होतात, साहेब. ज्या कानाची चौकशी करायला आलात, त्याच कानात प्रश्न विचारलात.

“हो साहेब, पडली,” धर्मेश जमिनीकडे बघत म्हणाला. मांडवलीत ठरलं होतं तसं.

“उजव्या बाजूनं विचारा तिला,” अस्मिताबाई म्हणाल्या.

तुम्ही पेन उघडलंत.

तेव्हा बाई खोली ओलांडून गेल्या. त्या दिवशी कोपऱ्यातून उचललेली जीन्सची नवरी पर्समधून काढली, अंगावर हळदीचे पंजे सुकलेली, आणि तुमच्या टेबलावर ठेवली. त्या पोरीच्या उजव्या कानाशी वाकल्या. “जिज्ञासा, मी चुकले. थांब म्हणाले होते ते मागं घेते. दोन कडवी राहिलीत.”

“दिवा नाय, बाई.”

मोतीबाईनं लुगड्याच्या ओच्यातून काडेपेटी काढली. एक काडी ओढली आणि हातात धरली. “ह्यो दिवा. म्हन.”

पोरगी उभी राहिली. एका कानाचा सूर. तो वाकडा लागला, तिनं मान तिरपी करून तो शोधला, आणि लावला.

“जा गं लेकी, वाट नवी हाय,
पाठीशी आयचा दिवा हाय...”

“बास! ऑफिस आहे हे!” बडे सर उठले. उजवा हात प्लास्टरमध्ये होता. सवय डाव्या हातात उतरली. हात मागं गेला.

यावेळी चार पावलं नव्हती. बाई मध्ये होत्या. थप्पड त्यांच्या तोंडावर बसली, चष्मा उडाला, कपाळ टेबलाच्या काचेवर आपटलं, काच तडकली. ओठ फाटला. रक्त तुमच्या कागदावर पडलं. तुम्ही कागद पटकन उचललात, आठवतंय? माणूस नाही उचललात. कागद उचललात.

बडे सरांनी दुसऱ्यांदा हात उगारला. बाईंनी तो मनगटाला धरला, दोन्ही हातांनी, आणि दात रोवले. तोंडात त्याचं रक्त की स्वतःचं, ते कळलं नाही. पोटावर लाथ बसली तरी सोडलं नाही. धर्मेश उठला तेव्हा मोतीबाईनं काखेतली काठी आडवी केली. “तू बस. तुजा मारून झायला. पोरीचा संपला नाय.”

मोतीबाई काडीवरून काडी पेटवत होती, आणि शेवटची बोटांपर्यंत जळत आली. तिनं टाकली नाही. बोटं भाजत धरून ठेवली. शेवटची ओळ संपली तेव्हाच ती विझली. खोलीत जळल्या चामडीचा वास होता. मग बाईंनी दात सोडले.

धवला पुरा झाला. आणि तुम्ही लिहिलंत. मी तो कागद पाहिलाय, बाईंच्या रक्ताचा थेंब पडलेला टाकून तुम्ही जो दुसरा घेतलात तो: ‘विद्यार्थिनी बाकावरून पडली. चौकशीदरम्यान शिक्षिकेस टेबल लागले.’

बाई आता त्या शाळेत नाहीत. शुक्रवारी त्या जांभूळला जातात, मोतीबाईच्या ओटीवर. विक्रांत येतो, कात्रपची पोरंही येतात. जिज्ञासा मान तिरपी करून म्हणते, पोरं तिच्या उजव्या अंगाला बसून झेलतात.

पण तुमचं काम राहिलंय, साहेब. बाक पोरींना पाडत नाहीत, टेबलं मारत नाहीत. तुमच्या डोळ्यांसमोर हात उठला होता आणि तुम्ही तीन हातांवर होतात. ती पोरगी उजवा कान पुढं करून उभी आहे. अर्धं सोडायचं नसतं, हे तिला शिकवलंय. तुम्हाला कुणी शिकवलं नसेल तर आता शिका, आणि मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असं सांगा.

तिला कोणी मारलं?